‘देशील’: एका भविष्यकाळाचा इतिहास

मराठवाड्याला लागून असलेल्या सीमाभागात मध्यंतरी एक वक्तृत्व स्पर्धा झाली. आम्ही प्रेक्षकांत होतो. नववीतली एक मुलगी फार तयारीने बोलत होती. भाषणाच्या अखेरीस ती म्हणाली, “मी पुढच्या वर्षीही येईल आणि मराठीतच बोलेल.” परीक्षकांपैकी एकाने तिला थांबवून सर्वांदेखत विचारले, “मी येईल? तू येशील की दुसरा कोणी येईल?” सभागृह हसले. मुलगी खाली बसली. पुढच्या वर्षी ती आली नाही. चौकशी केली तेव्हा कळले, की तिने दुसऱ्या भाषेतल्या स्पर्धेत नाव दिले होते.

‘मी येईन’ हे प्रमाण मराठीचे रूप आहे, याबद्दल वाद नाही. परंतु ‘मी येईल’ हे रूप खानदेश, मराठवाडा, विदर्भ आणि त्यांच्या शेजारच्या मुलखात लाखो घरांत रोज उच्चारले जाते, याबद्दलही वाद नाही. ते रूप हसण्याजोगे आहे का, एवढाच प्रश्न उरतो. त्याचे उत्तर शोधताना आम्ही वाचत वाचत फार दूर गेलो, थेट स्पेनपर्यंत. स्पॅनिश भाषेच्या भविष्यकाळाचा इतिहास हा ‘चुकीच्या’ रूपांनी प्रतिष्ठा मिळवल्याचा इतिहास आहे. तो सीमेपलीकडच्या मराठी माणसाने एकदा तरी वाचावा, म्हणून हा प्रपंच.

रूप कसे बनते

आजच्या स्पॅनिशमध्ये भविष्यकाळ बनवणे सोपे आहे. इतर काळांत प्रत्यय धातूला लागतात. भविष्यकाळात मात्र ते अख्ख्या मूळ क्रियापदाला लागतात. ‘कान्तार’ म्हणजे ‘गाणे’. त्यापासून ‘कान्तारे’ म्हणजे मी गाईन, ‘कान्तारास’ तू गाशील, ‘कान्तारा’ तो किंवा ती गाईल, ‘कान्तारेमोस’ आम्ही गाऊ, ‘कान्तारेइस’ तुम्ही गाल, ‘कान्तारान’ ते गातील. क्रियापदांचे तीन गण आहेत, पण भविष्यकाळाचे प्रत्यय तिन्ही गणांना तेच. आघात बहुवचनी ‘-एमोस’मध्ये ‘ए’वर आणि एरवी शेवटच्या अक्षरावर.

हे प्रत्यय सुटे करून पाहिले, की गंमत कळते: ए, आस, आ, एमोस, एइस, आन. ‘आबेर’ या सहायक क्रियापदाची वर्तमानकाळी रूपेही ए, आस, आ, एमोस, आबेइस, आन अशीच आहेत. फक्त ‘आबेइस’मधला पुढचा भाग गळाला आहे. ‘आबेर’चा मूळ अर्थ ‘जवळ असणे, बाळगणे’. म्हणजे ‘कान्तारे’ची फोड ‘गाणे’ अधिक ‘माझ्याकडे आहे’ अशी होते. एकेकाळी हे दोन स्वतंत्र शब्द होते. बोलता बोलता ते एक झाले, आणि आज स्पॅनिश बोलणाऱ्याला तो सांधा दिसतही नाही.

अभिजात रूपाचा अस्त

अभिजात लॅटिनमध्ये ‘मी गाईन’ला ‘कान्ताबो’ म्हणत. सिसेरोच्या भाषेतले हे सुघड रूप. परंतु लॅटिनच्या भविष्यकाळात दोन दुबळ्या जागा होत्या. पहिली अशी, की सर्व क्रियापदांना एकच प्रत्यय नव्हता. काही गणांत ‘बो’, तर काही गणांत स्वर बदलून काम भागवलेले. ‘दीकित’ म्हणजे तो सांगतो आणि ‘दीकेत’ म्हणजे तो सांगेल; फरक एका स्वराचा. लोकांच्या उच्चारात ऱ्हस्व इ आणि दीर्घ ए जवळ आले, तेव्हा वर्तमान आणि भविष्य एकमेकांत मिसळले. दुसरी जागा याहून नाजूक होती. ‘कान्ताबित’ म्हणजे तो गाईल आणि ‘कान्तावित’ म्हणजे तो गायला. दोन स्वरांमधल्या ब आणि व यांचा उच्चार एक होऊ लागला, आणि भविष्य व भूत यांच्यातली भिंत पडली. ज्यांच्या घरी ‘वीस’ आणि शेजारी ‘बीस’ म्हणतात, त्या इंदूर-ग्वाल्हेरच्या वाचकांना ब आणि व यांची ही जवळीक वेगळी समजावून सांगायला नको.

भाषेला अशी अडचण आली, की ती पंडितांची वाट पाहत नाही. घरात आहे त्या सामानातून सोय करते. लॅटिनमध्ये ‘कान्तारे हाबेओ’ असा एक प्रयोग होता. त्याचा अर्थ ‘माझ्याकडे गाण्याजोगे काही आहे’, पुढे ‘मला गायचे आहे’. सिसेरोच्या काळी त्यात शक्यतेचा अर्थ होता. इसवी सन २००च्या सुमारास कार्थेजचा ख्रिस्ती लेखक तेर्तुलियन हाच प्रयोग जे घडणार हे ठरलेलेच आहे, अशा भाकितांसाठी वापरताना दिसतो. ‘करायचे आहे’पासून ‘होणार आहे’पर्यंतचा पल्ला इथे गाठला गेला. हे घडले रोमपासून दूर, समुद्रापलीकडच्या आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, हेही लक्षात ठेवावे.

मराठी वाचकाला हा पल्ला परका वाटू नये. ‘मला उद्या बेळगावला जायचे आहे’ या वाक्यात कर्तव्य आहे, इच्छा आहे आणि भविष्यही आहे. तिन्ही रंग एकाच प्रयोगात आहेत. बोलताना तर आपण ‘जायचे आहे’ म्हणतही नाही; ‘जायचंय’ म्हणतो. ‘करायचे आहे’चे ‘करायचंय’ झाले, ‘गेला आहे’चे ‘गेलाय’ झाले. ‘आहे’ हे स्वतंत्र क्रियापद आपल्या डोळ्यांदेखत प्रत्यय होऊ लागले आहे. ‘हाबेओ’चे ‘ए’ झाले तेही असेच.

सीमेवरच्या किल्ल्याची गोष्ट

हे जोडरूप लेखी स्वरूपात पहिल्यांदा कुठे सापडते? सातव्या शतकात फ्रँक लोकांच्या राज्यात लिहिल्या गेलेल्या, फ्रेडेगरच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका बखरीत. तिच्यात रोमन सम्राट जस्टिनियन आणि इराणचा राजा यांची एक कथा येते. सम्राट जिंकलेल्या राजाकडे प्रदेश मागतो. राजा म्हणतो, “नोन दाबो,” म्हणजे मी देणार नाही. सम्राट उत्तरतो, “दारास,” म्हणजे देशील. बखरकार पुढे सांगतो, की म्हणूनच त्या जागेला दारास हे नाव पडले.

इतिहास म्हणून ही कथा टिकत नाही. दारा हे गाव खरे आहे. आजच्या तुर्कस्तानात मार्दिन शहराजवळ त्याचे अवशेष आहेत. परंतु रोम आणि इराण यांच्या सीमेवरचा हा किल्ला जस्टिनियनच्या आधी, सम्राट अनास्तासियसने सहाव्या शतकाच्या आरंभी बांधवला. नावाची व्युत्पत्ती लोकांनी रचलेली आहे. भाषेच्या अभ्यासाच्या दृष्टीने मात्र हा एक शब्द अनमोल ठरला. राजाच्या तोंडी ‘दाबो’ हे जुने अभिजात रूप आहे. सम्राटाच्या तोंडी अभिजात ‘दाबिस’ हवे होते, पण बखरकाराने ‘दारे हाबेस’चे आकसलेले ‘दारास’ घातले. आजच्या स्पॅनिशमध्ये ‘तू देशील’ला हुबेहूब ‘दारास’ असेच म्हणतात. म्हणजे सातव्या शतकात हे रूप लोकांच्या ओठांवर इतके रुळले होते, की त्यावर कोटी करावी आणि वाचणाऱ्याला ती कळावी.

नव्या भविष्यकाळाची ही पहिली ज्ञात नोंद एका सीमेवरच्या गावाच्या कथेत आहे, आणि तिचा विषय प्रदेश देणे-न देणे हा आहे. आम्ही सीमाभागातले लोक असल्यामुळे आम्हाला तिथे थोडे थांबावेसे वाटले, इतकेच.

सांधा दिसत होता तेव्हा

मध्ययुगीन स्पॅनिशमध्ये दोन शब्दांचा सांधा अजून पुरता बुजला नव्हता. ‘तुला देईन’ म्हणायचे तर ‘दार ते ए’ म्हणत, म्हणजे ‘देणे’ आणि ‘ए’ यांच्या मध्ये ‘तुला’ हे सर्वनाम बसत असे. सुमारे १२००च्या ‘सिदच्या काव्या’त अशी फोडलेली रूपे आढळतात. पुढे सोळाव्या-सतराव्या शतकांत ती मागे पडली आणि सर्वनाम पुढे येऊन ‘ते दारे’ असे रूप स्थिरावले. शेजारच्या पोर्तुगीज भाषेने मात्र जुनी चाल सोडली नाही. औपचारिक लिखाणात आजही ‘दार-ते-एइ’ असे मधोमध सर्वनाम घालून लिहितात. गोव्यात पोर्तुगीज शाळांतून शिकलेल्या पिढीतले कोणी वडीलधारे आपल्या घरी असतील, तर त्यांना विचारून पाहावे. व्याकरणाच्या तासाला या रूपाने किती छळले, ते सांगतील.

त्याच काळात काही रूपे घाईने आकसली. ‘तेनेर’ म्हणजे बाळगणे, त्याचे भविष्यरूप ‘तेनेरे’ व्हायचे ते ‘तेन्रे’ झाले. न आणि र शेजारी आले, की जिभेला मध्ये द घालणे सोयीचे पडते, म्हणून ‘तेन्द्रे’. याच रीतीने ‘पोनेर’चे ‘पोन्द्रे’ आणि ‘वेनिर’चे ‘वेन्द्रे’. ‘वानर’ या संस्कृत शब्दाचे मराठीत ‘वांदर’ झाले तेही याच सोयीने. ‘कोमेर’ म्हणजे खाणे. त्याचे जुने भविष्यरूप ‘कोम्ब्रे’, कारण म आणि र यांच्या मध्ये ब आला. ‘आम्र’ आणि ‘ताम्र’ यांपासून ‘आंबा’ आणि ‘तांबे’ झाले, त्यातला ब असाच आलेला आहे. ‘सिदच्या काव्या’त कैद झालेला बार्सेलोनाचा काउंट अन्नाला शिवणार नाही, एक घासही खाणार नाही असे बजावतो, तेव्हा त्याच्या तोंडी हेच ‘कोम्ब्रे’ आहे.

आज कोणी ‘कोम्ब्रे’ म्हणत नाही. सगळे ‘कोमेरे’ म्हणतात. इतर शेकडो क्रियापदे ज्या सरळ नियमाने चालतात, त्याच नियमाने लोकांनी ‘कोमेर’लाही चालवले. पूर्वजांचे अस्सल, काव्यात आलेले रूप गेले आणि सादृश्याने घडलेले नवे रूप प्रमाण ठरले. नित्य वापरातली बाराच क्रियापदे आपला जुना बाक सांभाळून राहिली: तेन्द्रे, पोन्द्रे, वेन्द्रे, साल्द्रे, वाल्द्रे, पोद्रे, साब्रे, काब्रे, आब्रे, केर्रे, दिरे, आरे. त्यांपासून बनलेली जोडक्रियापदे त्यांच्याच मागून जातात. शिकणाऱ्याने एवढी पाठ केली, की भविष्यकाळाची रूपे संपली.

काळ, कयास आणि आज्ञा

रूपाइतकाच त्याचा वापरही पाहण्यासारखा आहे. स्पॅनिश माणूस ‘सेरान लास सिन्को’ म्हणतो. शब्दशः ‘पाच असतील’. अर्थ ‘आत्ता पाच वाजले असतील’. क्रिया भविष्यातली नाही, खात्री तेवढी नाही. मराठीतही ‘तो आता घरी पोहोचला असेल’ या वाक्यात भविष्यकाळाचे रूप वर्तमानाचा कयास सांगते. दोन भाषांचा परस्परांशी संबंध नसताना दोघींनीही अनिश्चिताची बाब एकाच खात्यात टाकली.

दुसरा वापर आज्ञेचा. ‘बायबल’मधल्या दहा आज्ञा स्पॅनिशमध्ये भविष्यकाळात आहेत. ‘हत्या करू नको’ या अर्थी तिथे ‘नो मातारास’ म्हणजे ‘तू मारणार नाहीस’ असे म्हटले जाते. आईने ‘आता गप्प बसशील!’ म्हटले, की तिथे भविष्यकाळ उरत नाही, हे मराठी मुलांनाही चांगले कळते.

तिसरी गोष्ट आज चालू आहे. रोजच्या बोलण्यात, विशेषतः अमेरिका खंडातल्या देशांत, लोक ‘कान्तारे’पेक्षा ‘वोय आ कान्तार’ अधिक म्हणतात, म्हणजे ‘मी गायला जातो’. ‘जाणे’ या क्रियापदाने नवा भविष्यकाळ उभारणे चालू आहे. गंमत अशी, की ज्या ‘कान्ताबो’ला हटवून ‘कान्तारे’ आले, ते ‘कान्ताबो’ तरी मुळातले कुठे होते? त्यातला ‘बो’ हा ‘असणे, होणे’ या अर्थाच्या एका प्राचीन धातूपासून आला असे अभ्यासक मानतात. संस्कृतातला ‘भू’ हा त्याचाच भाऊबंद. म्हणजे सिसेरोचे अभिजात रूपही कधीकाळी दोन शब्दांचे जोडकाम होते. आधी ‘होणे’, मग ‘बाळगणे’, आता ‘जाणे’. घर तेच, वासे तीनदा बदललेले.

आपल्या अंगणात

आपल्याकडे याहून वेगळे घडलेले नाही. संस्कृतातही ‘करिष्यति’च्या शेजारी ‘कर्तास्मि’ असे दुसरे भविष्यरूप होते. त्याची फोड ‘कर्ता अस्मि’, म्हणजे ‘मी करणारा आहे’. पाणिनीने दोन्हींना व्याकरणात जागा दिली. ‘करिष्यति’चा श गुजरातीच्या ‘करशे’मध्ये अजून ऐकू येतो, बडोद्याच्या मराठी घरांत तो रोज कानावर पडतो. हिंदीने ‘करे’ला ‘गा’ जोडला. त्या ‘गा’चे मूळ ‘गत’, म्हणजे ‘जाणे’ या क्रियापदातच आहे. कोकणीत ‘करतलों’ आणि ‘करीन’ ही दोन्ही रूपे नांदतात. मराठीने ‘करी’ या जुन्या वर्तमानकाळाला ल जोडून ‘करील’ केले. ज्ञानेश्वरांच्या मराठीत ‘करी’ म्हणजे ‘करतो’. आज त्याच ‘करी’चा अर्थ ‘करत असे’ असा झाला आहे. तो ल कुठून आला यावर अभ्यासकांचे एकमत नाही. प्रथमपुरुषाच्या अनुनासिक स्वराच्या संगतीने त्याच ल चा न झाला आणि ‘करीन’ उभे राहिले, असे स्पष्टीकरण दिले जाते.

आता त्या मुलीच्या ‘मी येईल’कडे पुन्हा पाहावे. इतर बहुतेक रूपांत ल आहे: येशील, येईल, याल, येतील. एका ‘येईन’मध्ये तेवढा न आहे. तिच्या मुलखाने ते एकटे रूपही ल च्या पंक्तीला बसवले. ‘कोम्ब्रे’चे ‘कोमेरे’ करणाऱ्या स्पॅनिश शेतकऱ्याने जे केले, तेच हे. ही अडाण्याची चूक नव्हे. नियम ओळखणाऱ्या मेंदूचे हे काम आहे.

याचा अर्थ प्रमाणभाषा नको असा आम्ही घेत नाही. शाळेत ‘येईन’ शिकवावे, परीक्षेत ते लिहून घ्यावे. सीमेपलीकडे विखुरलेल्या समाजाला एका लेखी भाषेचा आधार इतरांहून अधिक लागतो. परंतु शिकवणे वेगळे आणि हसणे वेगळे.

१४९२

या इतिहासातले एक वर्ष विसरता येत नाही. १८ ऑगस्ट १४९२ रोजी अंतोनियो दे नेब्रिहा याने कॅस्टिलियन, म्हणजे आजच्या स्पॅनिश भाषेचे व्याकरण सालामान्का येथे प्रसिद्ध केले. ‘आमारे’ म्हणजे ‘प्रेम करीन’ हे रूप मूळ क्रियापद आणि ‘ए’ यांच्या जोडणीतून आलेले आहे, हे त्याने त्यात स्पष्ट नोंदवले. ग्रंथ राणी इसाबेलला अर्पण होता, आणि भाषा ही नेहमीच साम्राज्याची सोबतीण असते असा त्याच्या प्रस्तावनेचा सूर होता.

त्याच वर्षी ३१ मार्चला त्याच राणीने यहुद्यांना देशाबाहेर काढण्याचा हुकूम काढला होता. ते लोक तुर्की साम्राज्यात, इस्तंबूल आणि सालोनिका अशा शहरांत जाऊन वसले. जाताना त्यांनी आपली कॅस्टिलियन भाषा बरोबर नेली. तिला ना दरबार होता ना सेना. ती हिब्रू लिपीत लिहिली गेली, तुर्की आणि ग्रीक शब्द तिच्यात आले, तिने ‘वो कान्तार’ असा आपला भविष्यकाळ घडवला. तरी ती चारशेहून अधिक वर्षे घराघरांत, बाजारांत, वर्तमानपत्रांत जगली. तंजावरला किंवा बडोद्याला पिढ्यान्‌पिढ्या मराठी सांभाळणाऱ्यांना ही चिवट निष्ठा ओळखीची वाटेल.

मग १९४३ साली नाझींनी सालोनिकाचा जवळजवळ सगळा यहुदी समाज आउशविट्झला नेऊन संपवला. इतरत्र जे उरले, त्यांच्या मुलांनी शाळेची आणि राज्याची भाषा उचलली. आज ती भाषा प्रामुख्याने म्हाताऱ्यांच्या तोंडी आहे. तिचे व्याकरण शाबूत आहे, भविष्यकाळाची सहाही रूपे आहेत, पण ती उच्चारणारी मुले फार थोडी आहेत.

या दोन टोकांमधून आम्ही एवढेच घेतो. लॅटिनचा भविष्यकाळ मोडला तरी भाषा मेली नाही. बोलणाऱ्यांनी तुटक्या सामानातून नवा घडवला. सालोनिकाच्या भाषेचा भविष्यकाळ धड होता, पण बोलणारेच उरले नाहीत. रूप बिघडल्याने भाषा जात नाही. मूल उठून गेल्याने जाते. म्हणून आमच्या सीमाभागातल्या, गोव्यातल्या, इंदूर-ग्वाल्हेर-बडोदे-हैदराबादमधल्या शिक्षकांना, परीक्षकांना आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना आमची विनंती आहे. मूल ‘मी येईल’ म्हणाले, तर आधी ‘ये’ म्हणावे. ‘येईन’ नंतर शिकवता येते.